हूटगळ्ळीच्या पुढं ऐकू येत नाही

आमच्या रेडिओचा आवाज फार लांब जात नाही, याची मला सुरुवातीला लाजच वाटायची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही साताऱ्याहून म्हैसूरला आलो आणि हूटगळ्ळीला घर बांधून इथलेच झालो. मुलगा शिकायला बाहेर गेला तेव्हा घर खायला उठलं. ओळखीच्या एका बाईंनी सुचवलं, आमच्या कम्युनिटी रेडिओवर या, मुलांना थोडी मदत करा. माझ्या डोळ्यांसमोर लगेच काचेची भिंत, लाल दिवा आणि हळू आवाजात बोलणारी रुबाबदार माणसं आली. प्रत्यक्षात एका इमारतीच्या गच्चीवर दोन खोल्या होत्या, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या आणि पंखा लावला की त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायची, म्हणून आम्ही सगळे घामाघूम होऊन बसायचो.

मला काम मिळालं कापाकापीचं. मुलं जे बोलतील त्यातले खोकले, 'म्हणजे काय की' आणि लांबलेली वाक्यं कॉम्प्युटरवर कापून काढायची. मला शिस्तीची हौस आहे आणि संयम बेताचाच, त्यामुळे ते काम मला मानवलं. महिन्याभरात माझं नाव 'कत्तरी मेडम' पडलं. कत्तरी म्हणजे कात्री. माझी कानडी तेव्हाही कच्ची होती आणि आजही आहे. समोरच्याचं सगळं समजतं, पण स्वतः बोलायला गेले की मुलं तोंडावर हात धरतात.

ही मुलं म्हणजे हॉस्टेलवर राहून शिकणारी, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारी, हॉटेलात टेबलं पुसणारी. 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न ज्यांना घरी, वर्गात, कामावर कुणी कधी विचारलेला नाही, अशी. माईक समोर आला की पहिले काही दिवस ती बातम्या दिल्यासारखी बोलायची. मग हळूहळू घरच्यासारखी बोलायला लागायची. मग मात्र थांबायचीच नाहीत आणि मला कात्री काढावी लागायची.

आवाज कुठवर जातो ते मोजायची कल्पना मुलांचीच. मोबाईलला इयरफोन लावून ती वेगवेगळ्या रस्त्यांच्या बसमध्ये बसली आणि जिथं आवाज खरखरून मेला तिथं उतरून परत आली. भिंतीवर एक मोठा कागद लावून त्यावर रस्ते काढले आणि प्रत्येक रस्त्यावर लाल फुली मारली. हुणसूरच्या रस्त्यावरची फुली हूटगळ्ळी ओलांडली की लगेच होती. माझ्या घराच्या पुढच्या दारात आमचं केंद्र छान लागायचं आणि मागच्या अंगणात भांडी घासताना नुसती खरखर. नवरा म्हणायचा, "तुमचा रेडिओ आपल्या मोरीपर्यंतसुद्धा पोचत नाही."

मुलं मात्र त्या फुल्यांवर खूश होती. त्यातली निम्मी हुणसूर, पिरियापट्टण आणि त्याच्याही पलीकडच्या खेड्यांतली. त्यांना लख्ख दिसलं की आपण इथं काहीही बोललो तरी घरी ऐकू जाणार नाही. त्यातून एक कार्यक्रमच उभा राहिला. घरी ज्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही ते इथं बोलायचं. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. आधी सकाळी लागायचा, मग दुपारी जुनी गाणी झाली की पुन्हा. एका मुलानं सांगितलं की त्याला सैन्यात जायचंच नाही, तो धावण्याच्या चाचणीत मुद्दाम मागे राहिला. एका मुलीनं सांगितलं की ती आईला फोनवर रोज जेवले म्हणते आणि रोज जेवत नाही. मी कापता कापता डोळे पुसायचे आणि वर तोंड करून म्हणायचे, "किती रे लांबड लावता."

त्यांतली एक मुलगी पिरियापट्टणच्या पुढच्या गावची होती. बीएच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी, कामाला वाघ. यंत्रावर तिचा हात इतका बसला होता की गाणं कुठं सोडायचं आणि कुठं उचलायचं ते तिला सांगावं लागायचं नाही. बोलायची मात्र जेवढ्यास तेवढं. घरी तिनं कॉम्प्युटरच्या क्लासला जाते असं सांगितलेलं. समोर कॉम्प्युटर असतोच, त्यामुळे खोटं निम्मंच आहे, असं तिचं म्हणणं. वडिलांना कळलं की पोरगी रेडिओवर बोलते, तर ते तिला घरी नेतील, शिक्षणही बंद होईल, अशी तिला भीती होती. आणि सुट्टीत ती घरी जायलाही राजी नसायची. गौरी-गणपतीला सगळ्या मुली पिशव्या भरून गावी गेल्या, तेव्हाही ही आपली आमच्या गच्चीवर. काम आहे म्हणाली. काम कसलं, सणाच्या दिवशी आम्ही नुसती गाणी लावतो.

त्याच दिवसांत तिनं आपलं बोलणं रेकॉर्ड केलं. खोलीत कुणी नसताना एकटीनंच. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मेडम, यातलं काही कापू नका."

मी इयरफोन लावले. तिच्या घरी तंबाखू. हिरवी पानं काठ्यांना बांधून एका उंच खोलीत टांगतात, बाहेरच्या भट्टीत लाकडं घालतात, आणि खोलीच्या जमिनीलगतच्या लोखंडी नळांमधून ती ऊब आत फिरते. पानं पिवळी होऊन वाळेपर्यंत कित्येक दिवस ती आग एकसारखी सांभाळावी लागते. कुणीतरी सतत भट्टीपाशी बसायचं, लाकडं कमी-जास्त करायची. ती आठवीत असताना एका दुपारी तिची पाळी होती. वडील रात्रभर जागून घरात आडवे झाले होते. तिला तिथंच भिंतीला टेकून झोप लागली. जाग आली ती कौलं तडकण्याच्या आवाजानं. खोली आतून पेटली होती. आतली सगळी पानं गेली, छप्परही गेलं.

मग ती शांतपणे सांगत होती: मला कुणी रागावलं नाही, कुणी मारलं नाही. त्याविषयी घरात आजपर्यंत कुणी बोललंच नाही. पुढच्या वर्षी मला इथं हॉस्टेलला आणून ठेवलं. तेव्हा मला समजलं की मी त्यांना घरात नको आहे. बरोबरच आहे त्यांचं. अजून मी घरी गेले की मला झोप लागत नाही. मी झोपले तर काहीतरी जळेल असं वाटतं.

मी, कत्तरी मेडमनं, एक श्वाससुद्धा कापला नाही. तिला एवढंच विचारलं, "घरी कधी बोललीस याबद्दल?"

"त्यांना काय सांगायचं? त्यांना माहीतच आहे," ती म्हणाली आणि पुढच्या गाण्याच्या तयारीला लागली.

सण संपल्यावर एका सकाळी ते प्रक्षेपित झालं, काही झालं नाही. दुपारी जुनी गाणी संपली आणि ते पुन्हा सुरू झालं. आम्ही तिघंच होतो: ती, मी आणि आमचा तंत्रज्ञ. हा इथल्या जुन्या मराठी घराण्यातला. त्याचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. त्याच्या मराठीत निम्मी कानडी असते. मला तो अक्का म्हणतो, आणि माझं मराठी पुस्तकातलं आहे असं त्याचं मत आहे.

तिचा फोन वाजला. तिनं कानाला लावला, 'हं' म्हणाली, मग पुन्हा 'हं' म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

"अप्पा आहेत. बसमध्ये. हूटगळ्ळीला आलेत. मी सणाला गेले नाही म्हणून डबा घेऊन येतायत. ड्रायव्हरनं आपलं केंद्र लावलंय. विचारतायत, ही तूच ना? कुठं आहेस? ड्रायव्हरला आपली जागा माहीत आहे, इथंच येतायत."

आमचा आवाज कुठवर जातो ते आम्ही केवढ्या कौतुकानं मोजलं होतं. गावाकडची माणसं बसमध्ये बसून त्या फुलीच्या अलीकडं येऊ शकतात, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पंधरा शहाणी मुलं आणि एक पन्नाशीची बाई, आणि सगळ्यांनी रस्ता फक्त जाण्याच्या बाजूनं बघितला होता!

"बंद कर," मी तंत्रज्ञाला म्हटलं. "गाणं लाव एखादं."

"अय्यो अक्का, बंद नको," तो म्हणाला. "अर्धं तर त्यानं ऐकलंच की. आता सुम्ने, उगाच मधीच तोडलं तर अर्धंच डोक्यात घेऊन येईल तो. पुरं ऐकू दे त्याला. अर्धं ऐकलेलं लई वाईट अस्तंय, निजा." निजा म्हणजे खरंच.

मग मला दुसरी युक्ती सुचली. खोटं बोलायचं. हे नाटक आहे, मुलांनी लिहिलेलं, हिनं फक्त वाचलं, असं सांगायचं. बापाच्या मनातलं जाईल, पोरगी शिकायला राहील, सगळ्यांचं भलं. मी तिला तसं बजावलंसुद्धा. "तू काही बोलू नकोस. मी बघते." तिनं इयरफोनची वायर गुंडाळून ठेवली, आणि मला वाटलं हिला पटलं. तिला हॉस्टेलवर पाठवून द्यावं असंही एकदा मनात आलं, पण तिचे पाय तिथून हलतील असं दिसत नव्हतं. आम्ही गच्चीच्या कठड्याशी उभं राहून खालच्या रस्त्याकडं बघत बसलो, आणि त्या वेळात मी जेवढे देव आठवले तेवढे सणाच्या दोन दिवसांतही आठवले नव्हते.

ड्रायव्हर भला माणूस निघाला. त्यानं बस आमच्या रस्त्याच्या तोंडाशी थांबवली आणि बोट दाखवून जिना कुठला तेही सांगितलं. वडील वर आले. किडकिडीत माणूस, पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत स्टीलचा डबा. धाप लागली होती. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत. मुलीकडं बघत होते.

मी पुढं झाले. "अदु नाटका," मी माझ्या कानडीत सुरू केलं. ते नाटक आहे. "मुलं लिहितात. खरं नाही."

"नाटक नाही, अप्पा," मागून ती म्हणाली. "खरं आहे. माझी पाळी होती आणि मी झोपले होते."

मी कपाळाला हात लावला. एवढं समजावून सांगितलं होतं!

वडिलांनी पाण्याचा ग्लास कठड्यावर ठेवला. पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "खोटं आहे."

आम्हाला काही कळेना. ते एकटक तिच्याकडं बघत होते आणि कानडीत भराभर बोलायला लागले. तंत्रज्ञ माझ्या कानाशी येऊन मराठीत सांगू लागला, पण मला त्याची गरज पडली नाही.

"जाळी विसरलीस तू?" वडील म्हणाले. "आत नळांवर तारेची जाळी असते. वाळलेलं पान काठीवरून सुटून खाली पडलं तर तापलेल्या लोखंडावर पडू नये म्हणून. मुंगूस कोंबड्या नेत होतं, म्हणून त्या जाळीचा एक तुकडा मी कापून खुराड्याला लावला. नवीन जाळी बाजारातून आणू म्हटलं, आणली नाही. कापताना दुसरं टोक तूच धरलं होतंस. पान पडलं, पेटलं, आतल्या आत. बाहेर भट्टीपाशी तू जागी असतीस तर काय केलं असतंस? धूर दिसला असता, तू धावत जाऊन दार उघडलं असतंस."

इथं त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

"दार उघडलं असतंस तर सगळी आग तुझ्या अंगावर आली असती. तू झोपलीस म्हणून आज इथं उभी आहेस, मगळे. मी त्या दिवसापासून देवाला हेच म्हणतो, बरं झालं, पोर झोपली होती."

मगळे म्हणजे लेकी. एवढा एकच शब्द तंत्रज्ञानं मला पुन्हा सांगितला.

"मग मला बाहेर का ठेवलं?" तिनं विचारलं.

"तुला त्या भट्टीपासून लांब ठेवायचं होतं. आणि मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस. जाळी तूच धरली होतीस, तुला तर ठाऊक होतं कुणाची चूक ती. तेव्हापासून तू माझ्याशी नीट बोललीच नाहीस. सणालाही येत नाहीस. मी समजून गेलो."

"एवढी वर्षं सांगितलं का नाही?" ती ओरडलीच. तिचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"तू तरी कुठं सांगितलंस?" वडील म्हणाले.

ती खाली बसली, तिथंच गच्चीच्या तापलेल्या फरशीवर, आणि रडायला लागली. वडील शेजारी बसले. त्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा असावा, पण इतक्या वर्षांत सवय गेली होती, त्यामुळे त्यांनी टॉवेल तिच्या हातात दिला. मला रडू आवरेना. माझा जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज आमच्या केंद्रावरून सगळ्या म्हैसुराला ऐकू गेला असता. तंत्रज्ञानं डबा उघडला, सगळ्यांना चकली दिली आणि स्वतः खाता खाता रडला.

मला वाटलं, आता सगळं मिटलं. पण वडिलांच्या मनात वेगळंच होतं. ते उठून माझ्यासमोर आले.

"मेडम, बसमध्ये माणसं होती," ते म्हणाले. "त्यांनी ऐकलं की आग पोरीमुळं लागली. ती माणसं आता आपापल्या घरी गेली. त्यांना खरं कसं कळणार?"

मी म्हटलं, पुन्हा सांगता येईल. उद्या.

"उद्या मी इथं नसणार. आज सांगतो."

मग त्यांना आत गाद्यांच्या खोलीत बसवलं. मुलीनं माईक त्यांच्या तोंडाशी आणला, इतका जवळ की ते मागे सरकले. तिनं इयरफोन लावले, बटण दाबलं आणि मान हलवली. वडील शेतातल्या माणसाला हाक मारावी तसे मोठ्यानं बोलले. सकाळी आणि दुपारी ज्या मुलीनं आगीचं सांगितलं, तिचा मी बाप. जाळी मी काढली होती. तिची चूक नाही. मग विचारलं, "झालं?" ते 'झालं?' पण आम्ही तसंच ठेवलं.

बाहेर आल्यावर त्यांनी भिंतीवरचा कागद बघितला. मुलीनं त्यांना फुल्या म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी हुणसूरच्या रस्त्यावर बोट फिरवत नेलं आणि विचारलं, "म्हणजे आपल्या गावात हे लागत नाही? तुझी आई ऐकणार कशी?"

"नाही लागत, अप्पा."

"मग तुलाच येऊन सांगावं लागेल," ते म्हणाले. "आज चल."

ती माझ्याकडं बघायला लागली. माझ्या मनात पाल चुकचुकलीच. एकदा घरी गेली की हिला परत पाठवतील का, रेडिओचं नाव तरी काढू देतील का? पण ते माझ्या विचारण्याचं नव्हतं. मी करड्या आवाजात म्हटलं, "जा. सोमवारी वेळेवर ये." वडील मागे वळून म्हणाले, "येईल, मेडम. मी बसमध्ये बसवून देईन." मग दोघं जिना उतरली. रिकामा डबा विसरून गेली, आणि तंत्रज्ञानं तो धुऊन ठेवला.

रविवारी दुपारी मी घरी भाजी निवडत होते. फोन वाजला. तिचा होता. मागे कोंबड्यांचा आवाज आणि कुणीतरी लाकूड फोडत असल्याचा.

"काय झालं?" मी म्हटलं. कुणाचाही फोन आला की माझं हेच पहिलं वाक्य असतं.

"काही नाही, मेडम. जेवून अप्पांबरोबर भट्टीपाशी बसले होते. बसल्या बसल्या झोपच लागली." तिचा आवाज जड होता, नुकत्या उठलेल्या माणसाचा. "आत्ता उठले. सगळे इथंच होते. कुणी उठवलंच नाही मला."

हातातली शेंग तशीच राहिली.

"मग परत झोप," मी म्हटलं.